रंध्याचा आवाज
सागाच्या ताज्या भुशाचा वास आला की, राहून काम करता येईल अशी जागा शोधत मी परभणीभर हिंडलो ते दिवस आठवतात. परवडणाऱ्या खोलीत आठ फुटी फळी वळायची नाही आणि फळी वळेल एवढी जागा परवडायची नाही. शेवटी एका मावशींनी घरामागची खोली आणि तिला लागून असलेली पत्र्याची शेड दाखवली, भाडंही बेताचंच सांगितलं. शेडसमोरच्या खिडकीआड त्यांचे आजारी यजमान खाटेवर पडून होते. "काम कशाचं करता तुमी?" मावशींनी विचारलं. "लाकडाचं," मी म्हणालो. "मंग रंधाच चालंल की. त्याचा आवाज चांगला असतोय. मशीन चालली की ह्यायला झोप लागत न्हाई, लय तरास होतोय." मी नुसती मान डोलावली. मशीनचं नाव काढलं असतं तर जागा गेली असती. दोन दिवसांनी टेम्पोतून कटाई मशीन उतरलं, तेव्हा त्या दारातच उभ्या होत्या. भर उन्हाळ्यात त्यांनी खिडकी लावून घेतली आणि तिच्यावर गोधडी टांगली. आजही ती तशीच आहे. फक्त लाईट गेली की मी हाताचा रंधा घेतो आणि थोड्या वेळानं ती खिडकी हळूच उघडते.