मोडीत काढलेल्या जीपचं कुंकू

सगळ्यांच्या आधी विम्याचा एजंट आला, चहा उकळायच्या आत. त्याच्या मागनं राजुरीचे पावणं, जीप विकणारे नवराबायको. (बोलतेय मी, माझी लेक टाईप करतेय.) लोणीत आमच्या दारात पहिलीच गाडी, जुनी का होईना, काल रातीच आणून लावलेली, मी सकाळपासून लई खुशीत. शेजारणीला दोनदा बोलावून दाखवली.

एजंट म्हणाला, "आजी, अपघातानंतर विमा कंपनीनं ही मोडीत काढली व्हती. मग दुरुस्त केली. आता गाडीनं दुसऱ्याचं नुकसान केलं तर विमा भरून देईल. गाडीचं झालं तर न्हाई."

माझा थोरला म्हणाला, "पावण्यांनी मला आधीच सांगितलंय. चालंल."

मला नाय चाललं. कुंकवाचा करंडा हातात तसाच. अपघातात माणूस गेलं असंल तर अशा गाडीची पूजा करून नातवंडं कशी बसवू? सरळ विचारलं, "पावणं, कोण गेलं का हो हिच्यात?"

पावण्यांची बायको बोलली, "आमची सून व्हती, आजी. पोटुशी. पत्रा कापून बाहेर काढली. दोघंबी वाचली. नातू आता रांगतोय. पण ती या गाडीकडं बघत नाय, म्हणून इकतोय."

मी म्हणलं, "मग हिनं दोन जीव राखले की. पहिलं कुंकू तुमच्या सुनेच्या हातचं. तिची तयारी असंल तरच."

तुम्ही घेतली असती का अशी गाडी? मी ठेवून घेतली. तवर करंडा भिंतीतल्या देवळीत ठेवलाय. रविवारी सुनेला नि बाळाला घेऊन येतो म्हणालेत.