दुसरी बाटली

संगमनेरजवळच्या एका खासगी दूध कंपनीत मी बरीच वर्षं नोकरी केली. मराठी घेऊन एम.ए. झालेल्या माणसाचं दूध कंपनीत काय काम, असं लोक विचारायचे. काम होतं. संकलन केंद्रांना जाणारी पत्रकं, मेळाव्यातली भाषणं, सरकारी कार्यालयांना द्यायची उत्तरं, हे सगळं मी लिहायचो. माझी भाषा सोपी होती आणि साहेबांना ती आवडायची.

एका सकाळी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून एका सरकारी मसुद्याचं पान पुढे सरकवलं. दूध संकलनाचे नवे नियम यायचे होते. त्यातल्या एका कलमाखाली त्यांनी रेघ ओढली होती. केंद्रावर दूध तपासताना उत्पादकाने मागणी केली, तर त्याच दुधाची दुसरी बाटली त्याच्यासमोर भरून सीलबंद करायची, आणि वाद झाला तर ती सरकारी प्रयोगशाळेत तपासायची. एवढंच कलम. तोवर केंद्रावरचं आमचं मशीन जे सांगेल तेच खरं, असा कारभार होता. मसुद्यावर हरकती पाठवायला लोकांना मुदत दिलेली होती.

"कंपनीने हरकत घेतली तर ती कंपनीची," साहेब म्हणाले. "वरचे लोक बाजूला ठेवतील. पण शेतकऱ्यांनाच हे कलम नको असेल तर? तुम्ही त्यांच्यातले आहात. त्यांच्यासारखं लिहा."

मी लिहिलं. आणि खरं सांगायचं तर लिहिताना मला मजा आली. एकाच मजकुराची पत्रं संशय आणतील म्हणून मी प्रत्येक पत्राला वेगळा माणूस दिला. एक म्हातारा, ज्याला उन्हात उभं राहवत नाही. एक लेकुरवाळी, जिला पोरांच्या शाळेची घाई. "बाटल्या भरीत बसलं तं रांगंतलं दूध नासून जाईल, सायेब." शुद्धलेखनाच्या चुका मी मुद्दाम ठेवल्या. काही पत्रं रेघांच्या वहीच्या कागदावर उतरवली. लेकुरवाळीचं बोलणं लिहिताना कानात माझ्या आत्याचा आवाज होता. तिचं बोलणं मी लहानपणापासून ऐकत आलो होतो.

सह्या गोळा करायला केंद्राकेंद्रावर माणसं गेली. आत्याच्या गावात मी स्वतः गेलो, कारण तिथे मला सगळे ओळखत होते. आत्याच्या दोन संकरित गाई होत्या. तिच्या दुधाचं गावात नाव होतं. कोणाच्या तान्ह्या बाळाला वरचं दूध लागलं की बाया तिच्याच दाराशी यायच्या.

"कशाचा कागद हाय?" तिने विचारलं.

"केंद्रावर दुधाचं काम लवकर उरकावं म्हणून," मी म्हणालो.

तिने चुलीपुढून उठून, हात पुसून, एकेक अक्षर जोडत सही केली. मग केंद्रावर येऊन रांगेतल्या बायांनाही तिनेच सांगितलं, "करा गं, माझ्या भावाचा पोरगा हाय." जाताना मला खरवस बांधून दिला.

सुनावणी नगरला झाली. मी साहेबांच्या मागच्या रांगेत बसलो होतो. समोरचे अधिकारी मला वाईट वाटले नाहीत. त्यांनी गठ्ठ्यातलं एक पत्र उचललं, ते नेमकं मी लिहिलेलं लेकुरवाळीचं. चष्मा वर करून त्यांनी ते पुरतं वाचलं. मग शेजारच्याला म्हणाले, "ज्यांच्यासाठी करतोय त्यांनाच अडचण होणार असेल, तर आपण कशाला अट्टहास धरायचा?" साहेबांनी मान खाली घालून वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं. दुसऱ्या बाजूने बोलायला एक निवृत्त शिक्षक आले होते, एकटेच. ते तावातावाने बोलले, पण त्यांच्या हातात एकही पत्र नव्हतं.

अंतिम नियम आले तेव्हा दुसरी बाटली गेली होती. तिच्या जागी एक वाक्य होतं: उत्पादकाची तक्रार असल्यास केंद्राने आपल्याच यंत्रावर फेरतपासणी करावी. ते वाक्य मी सुचवलेलं होतं, शब्दन् शब्द. साहेबांनी ऑफिसात पेढे वाटले आणि सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. घरी येऊन बायकोला ते वाक्य मी दोनदा वाचून दाखवलं.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी आत्या एस.टी.ने संगमनेरला आली. हातात स्टीलची किटली, तिच्याभोवती गुंडाळलेलं ओलं फडकं. ऑफिसच्या फाटकाशी उभी राहून तिने मला बाहेर बोलावलं. डोळे सुजलेले होते.

सलग चार दिवस मशीनने तिच्या दुधात पाणी दाखवलं होतं. केंद्रावरच्या माणसाने भर रांगेत तिचं दूध परत केलं आणि फळ्यावर नाव लिहिलं. तिने पुन्हा तपासायला सांगितलं. त्याच मशीनने तेच दाखवलं.

"नातवाच्या डोस्क्यावर हात ठिवून सांगते, पान्याचा थेंब न्हाई त्यात," ती म्हणाली. "तू ह्ये सरकारी मानसाकडं ने. त्येला दाव. त्यो सांगंल ते मी ऐकीन."

सील नसलेल्या किटलीतलं दूध कोणतंही सरकारी कार्यालय हातात घेणार नाही, हे मला माहीत होतं. तिला सावलीत बसवून मी किटली आमच्याच प्रयोगशाळेत नेली. तिथल्या केमिस्टने, जो माझा मित्र होता, दोन पद्धतींनी तपासलं. पाणी नव्हतं. उष्णतेने आणि चारा बदलल्याने दूध जरा पातळ झालं होतं, एवढंच. "त्या केंद्राचं मशीन कित्येक महिन्यांत कोणी तपासून नीट लावलेलं नाही," तो म्हणाला.

"हे लिहून देशील?"

 त्याने किटली धुऊन माझ्या हातात दिली.

मी बाहेर येऊन आत्याला सांगितलं, दूध चांगलं आहे. तिचा चेहरा उजळला. "मंग कागद दे. फळ्याखाली लावते."

"कागद मिळणार नाही."

"का? वाद झाला तं दुसरीकडं तपासायचा कायदा न्हाई का?"

'नाही' एवढंच म्हणून मी थांबू शकलो असतो. ती त्यापुढे काही विचारणार नव्हती. पण तिच्या त्या रिकाम्या किटलीकडे बघून माझ्या तोंडून निघून गेलं. असा कायदा होणार होता, दुसरी बाटली सील करण्याचा. तो होऊ नये म्हणून तो कागद होता. तू सही केलेला. आणि तो मी लिहिला होता.

तिने माझ्या हातातली किटली काढून घेतली.

"मला वाचून दावला आसतास," ती म्हणाली, "तं मी सही केली आसती का?"

"नाही."

"व्हय ना. म्हनूनच न्हाई दावलास."

ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. मी तिला गाडीत बसवायला स्टँडवर गेलो. चहा घे म्हटलं, नको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी फोन करून मी ते मशीन दुरुस्त करून घेतलं, फळ्यावरचं नाव पुसायला लावलं. कोणाचं काय चुकलं होतं, याचा मात्र कुठे उल्लेख झाला नाही. त्यामुळे गावात एवढंच राहिलं की हिच्या दुधात पाणी निघालं होतं, आणि भाचा कंपनीत आहे म्हणून मिटवलं. बाळासाठी दूध न्यायला येणाऱ्या बाया हळूहळू यायच्या थांबल्या. आत्याने एक गाय विकली. एक घरापुरती ठेवली. केंद्रावर ती पुन्हा गेली नाही.

मी काय केलं? लगेच राजीनामा दिला असं लिहायला मला आवडलं असतं. दोन वर्षं तिथेच राहिलो. मुलीची शाळा, आईचं औषधपाणी, कारणं होती. साहेबांसाठी आणखी एका नियमावर पत्रं लिहायची वेळ आली तेव्हा मी तब्येतीचं निमित्त काढलं. ती दुसऱ्या कोणी लिहिली.

नोकरी सोडल्यावर मी सरकारला पत्र पाठवलं, की ते कलम परत आणावं. त्या हरकती कशा तयार झाल्या हेही लिहिलं, पण 'काही पत्रं कंपनीच्या कर्मचाऱ्याने लिहिली होती' एवढंच. कोणत्या कर्मचाऱ्याने, ते नाही. उत्तर दोन ओळींचं आलं: सदर तरतूद दूध उत्पादकांच्या मागणीनुसार वगळण्यात आली आहे.

मग मी नवा अर्ज लिहिला आणि आत्याकडे घेऊन गेलो. या वेळी सगळा वाचून दाखवला. तिने डोळे मिटून ऐकला.

"ग्वाड लिव्हतोस," ती म्हणाली. "पर ह्ये बी तुझंच बोलनं हाय. माझं न्हाई. मी सांगते तसं लिव्ह."

तिने चार वाक्यं सांगितली. माझ्या दुधात पाणी नव्हतं. मला ते दाखवता आलं नाही. कागदावर काय आहे ते न सांगता माझी सही घेतली. ती सही मी मागे घेते.

"कोनी घेतली ते बी लिव्हशील?" तिने विचारलं.

मी माझं नाव लिहिलं. तिने सही केली. दुसऱ्या दिवशी मी तो अर्ज रजिस्टरने पाठवला. अजून उत्तर आलेलं नाही.