फूल, बोंड आणि एक बटन

महागावच्या बसस्टँडसमोर कापडदुकानाच्या माडीवर रत्नप्रभा कॉम्प्युटर क्लास चालवायची, त्याला आता बरीच वर्षं झाली. ती यवतमाळच्या नोकरदार घरातली, लग्न होऊन इकडे आलेली. कापसाच्या त्या वाईट वर्षांत खेड्यावरची पोरं एकेक करून गळाली, आणि दुपारी मशिनींवर नुसती कापडं घातलेली असायची. अशाच एका दुपारी फुलसावंगीचे पुंडलिकराव जिना चढून आले.

"मले शिकवता का, बाई? पोरगी पुण्याले नोकरीवर हाय. तिले वावर दाखवाचं हाय."

शिकता शिकता दोघांनी मिळून एक वेबपेज केलं. वर पुंडलिकरावांच्या शेतातल्या कापसाच्या फुलाचा फोटो, खाली बटन. बटन दाबलं की फुलाच्या जागी फुटलेलं बोंड, पुन्हा दाबलं की फूल. त्यासाठी रत्नप्रभाने जावास्क्रिप्टच्या चार ओळी लिहिल्या: क्लिक झालं की आत्ता कोणता फोटो आहे ते बघायचं आणि दुसरा लावायचा. तिच्या हाताने ते झकास चालायचं. पुंडलिकरावांनी माउस धरला, की फोटो नुसता लवलवायचा आणि फूल जागच्या जागी.

"तुमचं बटन काम नाही करून राह्यलं."

आपल्या चार ओळींत कुठे काही राहिलं की काय, म्हणून तिने संध्याकाळपर्यंत कोड तपासला. चूक सापडेना. दुसऱ्या दिवशी मात्र स्क्रीन सोडून तिने त्यांच्या बोटाकडे पाहिलं. टक-टक. फाइल उघडायला तिनेच तसं शिकवलं होतं, तेव्हापासून ते सगळीकडे दोनदाच दाबत. पहिल्या क्लिकला बोंड यायचं, दुसऱ्याला लगेच जायचं.

"एकदाच दाबा, काका."

"मंग फाइलले काहून दोनदा?"

दोघंही हसले. पुंडलिकरावांनी एकदा दाबलं आणि हात मांडीवर ठेवला. बोंड थांबलं.

पेज नेटवर गेलं. रविवारी पुण्याहून पुंडलिकरावांच्या मुलीचा, नयनचा फोन आला. तिच्या खोलीतल्या मुली दिवसभर बटन दाबत बसल्या होत्या.

पुढच्या उन्हाळ्यात क्लास बंद पडला. रत्नप्रभा यवतमाळला शाळेत शिकवू लागली. तिथे तिला सारखी आठवायची ती पुंडलिकराव बायकोला, विमलताईंना, माडीवर घेऊन आले ती दुपार. विमलताईंनी पदराने बोट पुसून माउस धरला, फुलाचं बोंड होताना पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "हे आपल्या वावराच्या धुऱ्याजवळचं झाड व्हय ना?"

त्या दिवशी क्लासला दुसरं कोणीच आलं नव्हतं. ती दोघं उठेपर्यंत रत्नप्रभा शेजारी बसून राहिली.