गुंडाळलेला ढोल

रूपला आबांना माझ्या जीपमध्ये घेतलं तेव्हाच माझं डोकं चक्रावलं होतं. किन्हीराजाजवळच्या आंध आदिवासी वस्तीतला हा ढोलाचा माणूस. त्यांच्या वस्तीत पेरणी आटोपली की ढोल घोंगडीत गुंडाळून आढ्याला टांगतात, तो थेट दिवाळीला उतरतो. मधे लग्न असो की मयत, उघडायचा नाही. आणि इथं भर ऑगस्टात आबा मांडीवर ढोल घेऊन विद्यापीठात निघालेले!

"वाजवत नाई, फय्याज," ते म्हणाले. "नुसता नेतो."

"मंग नेता कायले?"

"नातीनं बोलावलं."

नात म्हणजे वैजयंती, वस्तीतून विद्यापीठात पोचलेली पहिली पोरगी. आदिवासी दिनाला तिचे आजोबा ढोल वाजवणार, हे तिच्या सरांनी परस्पर ठरवलं, पोस्टरं लावली आणि मग तिला सांगितलं. सरांना नाही म्हणायची तिची छाती झाली नाही, आजोबांना वाजवा म्हणायचीही नाही. मला तर त्या सरांचाच राग आला होता. आधी विचारायला काय तोंडाला कुलूप लागलं होतं?

सभागृह खचाखच भरलेलं. आबा स्टेजवर बसले, ढोल घोंगडीतच. निवेदकानं पुन्हा पुन्हा नाव पुकारलं. आबा हात जोडून नुसते बसलेले. मागून शिट्ट्या सुरू झाल्या. मी दारात घामाघूम. पोरीचे गुण याच सरांच्या हातात होते.

वैजयंती उठली. तिनं निवेदकाच्या हातून माईक घेतला.

"हा ढोल दिवाळीपर्यंत उघडत नाई. मी सांगाले घाबरली. पण सर, तुमी आधी इचारलं असतं, तं सांगितलं असतं."

तिला शाबासकी द्यावी, की हिनं स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला म्हणावं, मला काही कळेना.

आम्ही जीपपाशी आलो. आबांनी हळूच विचारलं, "पोरीले काढून तं नाई टाकत ना?" मी घाईघाईनं जीपचं दार उघडलं.

तेवढ्यात सर धावत आले. आता आमचं वाजणार म्हणून मी बाह्या सरसावल्या. सर आबांसमोर थांबले.

"दिवाळीला आम्ही तुमच्या वस्तीवर आलो तर चालेल का?"

आबा गोंधळून नातीकडे बघू लागले.

"माह्याकडं काहून पाह्यतं, आबा?" वैजयंतीला रडू आवरेना. "तुले इचारून राह्यले."