आंघोळीआधीची परीक्षा

आमचे बाबाराव मामा रोज सकाळी परीक्षा घेतल्याशिवाय आंघोळीला जात नसत. परीक्षा माझी आणि अडायची त्यांची आंघोळ.

मी तेव्हा नागपूरला डॉक्टरी शिकत होतो आणि शरीररचनेच्या विषयात सपशेल आपटलो होतो. अमरावतीला घरी गेलो, तेव्हा बाबांनी बजावलं, "ऑक्टोबरात पुन्हा नापास झालास, तर तेलगिरणीत कारकुनी धर." त्यांच्या डोळ्यांपुढे एक ओळ डोक्यात शिरेना. शेवटी आईनं मला पुस्तकांसकट अकोल्याला, तिच्या भावाकडे धाडलं.

मामा कापसाचे दलाल. धिप्पाड गडी, आणि आवाज असा की गल्लीतली कुत्री उठून बसावीत. पहिल्याच दिवशी माझं घोकणं ऐकून म्हणाले, "काय जप करून राहिला बे? वाचू नको. मले सांग." सांगायला गेलो आणि दोन वाक्यांत अडलो. मामांनी सदरा उतरवला, हात पुढे केला. "घे, काढ याच्यावर. असा हात तुह्या पुस्तकात तरी हाय काय?"

मग काय! मामींच्या कुंकवानं धमन्या, कपड्यांच्या निळीनं शिरा, हळदीनं मज्जातंतू. दुपारी मी रंगवायचो आणि मामा खुशाल घोरायचे. संध्याकाळी तसाच हात घेऊन बाजारात! कोणी विचारलं की छाती फुगवून सांगायचे, "भाचा डाक्टर होऊन राहिला. कच्चा माल माह्यावाला हाय."

सकाळी त्या हातावर उपरणं टाकून ओसरीवर बसायचे. "बोल. न पाहता सांग. चुकला तं आंघोळ नाही." आणि बिनआंघोळीच्या माणसाला मामी पान वाढत नसत, मग तो घरधनी का असेना.

एकदा मी ठणकावून सांगितलं, करंगळीकडे जाणारा मज्जातंतू कोपराच्या समोरून जातो. मामांनी उपरणं ओढलं. पिवळी रेघ कोपरामागून गेलेली, आणि ती मीच काढलेली! "समोरून? मंग हा मागून कोन चालला, तुहा बाप?"

नेमकी त्या दिवशी घरात पुरणपोळी. मामी कळवळल्या, "काहून उपाशी मरता जी? धुऊन टाका तो हात!"

"भाचा नापास हाय. मी कसा जेवू?"

आणि खरंच जेवले नाहीत. मला रडूच कोसळलं. मामांनी पाठीवर थाप मारली, "रडतं काहून लेका? उद्याले सांगशीन." दुसऱ्या दिवशी मी झोपेतून उठता उठताच उत्तर सांगितलं. मामांनी आधी शिळ्या पोळ्या मागितल्या, मग पाणी.

ऑक्टोबरात तोंडी परीक्षेला सरांनी विचारलं, "कोपर आपटलं की मुंग्या करंगळीकडेच का येतात?" मला हसू आवरेना. त्या मज्जातंतूची वाट अशी घडाघडा सांगितली की सरच म्हणाले, "पुरे, पुरे!" पास झालो. मामांनी बाजारभर पेढे वाटले आणि बाबांना निरोप धाडला, "जावईबुवा, कारकून दुसरा पाहा."

पुढे मी अकोल्यातच दवाखाना थाटला. काही वर्षांनी मामांनी अंथरूण धरलं. त्यातून ते उठणार नाहीत हे मला कळत होतं, त्यांनाही. नाडी पाहायला मी मनगट धरलं, तर त्यांनी हात सोडवून घेतला आणि चादरीखाली झाकला.

"आधी नाव सांग, मंग धर."

मी धमनीचं नाव सांगितलं. मामांचा सुकलेला चेहरा अख्खा हसला. हात त्यांनी आपणहून बाहेर काढला आणि आतल्या खोलीकडे पाहून जमेल तेवढ्या मोठ्यानं हाक दिली, "पास झाला वो! आंघोळीचं पानी ठेव."