अर्ध्या डॉक्टरची गोळी

माझ्या धाकट्या बहिणीचे मोठे दीर बारा वर्षं औषधांच्या दुकानात काउंटरवर उभे आहेत. त्यांना मी ‘अर्धा डॉक्टर’ म्हणते. अर्धाही फार झाला. या माणसाबद्दल माझ्या मनात तिळाएवढी माया नाही, हे आधीच सांगून टाकते.

बहीण शिवणकामाच्या कारखान्यात कटिंगच्या टेबलावर होती. कापडाचे चाळीस थर एकावर एक, वर खडूची रेघ, आणि कापायचं मशीन तिच्या हातात. सतरा वर्षांत तिनं एक बाही वाया घालवली नाही. मग अंगावर गांधी उठायला लागल्या, लाल, फुगीर, खाजणाऱ्या. कधी ओठही सुजायचा. हे दुसऱ्याला लागत नाही, असं सांगून सांगून तिचं तोंड दुखलं. मालकीणबाई म्हणाल्या, “गिऱ्हाइकं बघतात. महिनाभरात अंग नितळ झालं नाही, तर टेबल दुसरीला.” त्या टेबलात हिचा जीव.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. कातडीत काही पेशी असतात, त्यांच्यात हिस्टामिन साठलेलं असतं. ते सुटलं की खाज आणि सूज. “जठरातला एक जंतू या पेशींना चिथावत असू शकतो. सगळ्यांमध्ये तसं नसतं, पण बघू. तपासणीआधी दोन आठवडे तुझी रोजची ॲसिडिटीची गोळी बंद. नाहीतर जंतू असूनही दिसायचा नाही.”

घरी अर्धा डॉक्टर हसले. “पोटातल्या जंतूनं अंग खाजतं? मग डोक्यातल्या उवांनी गुडघे दुखत असतील. गोळी सोडू नकोस, छातीत आग होईल. मी काय दुकानात झोपा काढतो?” रोज सकाळी चहाआधी ते स्वतः गोळी तिच्या तळहातावर ठेवायचे. त्या घरात त्यांना कुणी नाही म्हणत नाही. हीसुद्धा मुकाट गिळायची. त्याचा मला हिच्यावरही राग आहे.

पिशवीत श्वास फुंकून तपासणी झाली. जंतू नाही. “बघ, मनाचे खेळ,” दीर म्हणाले. महिना संपला आणि टेबल गेलं. जिला हिनं खडू धरायला शिकवलं, तिलाच ते मिळालं. हिच्या वाट्याला बटणं आली.

मीच तिला ओढत परत नेलं. “गोळी बंद होती ना?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं. “भावजी रोज हातावर ठेवायचे,” बहीण म्हणाली, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गोळी सोडून पुन्हा तपासणी केली, तर जंतू सापडला. चौदा दिवस औषधं घेतली. दोन महिन्यांत गांधी ओसरल्या. टेबल काही परत आलं नाही.

परवा मी तिच्याकडे जेवायला होते. “शेवटी आमच्याच दुकानातल्या औषधांनी बरी झाली,” दीर मला म्हणाले, आणि पॅन्टचं नवं कापड हिच्यापुढे सरकवलं. “एवढं कापून ठेव. तुझ्यासारखा हात कुणाचा नाही.”

बहिणीनं कापडाची घडी उलगडलीसुद्धा नाही.

“कापायचं काम आता माझ्याकडे नसतं, भावजी,” ती म्हणाली. “बटण तुटलं तर आणा.”