उद्या नाही, परवा नाही

भंडारा जिल्ह्यात ज्याच्या कानावर आमच्या साडूंचा आवाज पडलेला नाही, असा माणूस एक तर ठार बहिरा असेल, नाहीतर अजून जन्माला यायचा असेल. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. राहणार पवनी, धंदा ऐलान करण्याचा. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगाव नाटकं लागतात. कुठल्या गावात कुठलं नाटक आहे, हे ऑटोवर भोंगा बांधून ओरडत फिरायचं, हे त्यांनी जन्मभर केलं. पुढे भोंगा बाजूला ठेवला तरी आवाज काही खाली उतरेना. त्यांनी घरात चहा मागितला की शेजारणीच्या चुलीवर आधण चढायचं. एकदा एका मयतीच्या घरी ते माझ्या कानाशी कुजबुजायला म्हणून वाकले आणि म्हणाले, "सून पाणीबी देत नव्हती म्हणते बिचाऱ्याले!" अख्ख्या बैठकीनं ऐकलं. सून समोरच बसली होती. त्या घरावरून जाताना मी अजूनही मान खाली घालतो.

त्यांच्या धंद्याचा एक नियम होता: तारीख सांगायची नाही. ऑटो गावात शिरला की कान एका हातानं झाकून "आज! आज! आज!" एवढीच आरोळी. मी एकदा म्हटलं, अहो, तारीख सांगायला काय जातं? तर म्हणाले, "तारीख सांगतली का माणूस कॅलेंडर पाह्यते. आज म्हटलं का चप्पल शोधते." पटलं बुवा मला. आणि त्या पटण्याच्या भरात मुलीच्या साक्षगंधाचं आमंत्रण त्यांच्यावर सोपवून बसलो. अर्धी पवनी आदल्याच दिवशी जेवायला हजर! घरात तांदूळ निवडलेले नाहीत, आचारी आलेला नाही, आणि हे मांडवाच्या खांबाला टेकून मलाच विचारतात, "आले न लोकं? मंग कायले तोंड पाडून राहिला?" बायको मध्ये पडली म्हणून त्या दिवशी आमचं नातं टिकलं.

या माणसाला "हळू" म्हणण्याची हिंमत जगात एकीनंच केली. त्यांच्या शेजारची निशा. कॉलेजात जाणारी, काडीसारखी पोरगी. तिला जन्मापासून सिकलसेल. आमच्याकडे हा आजार बऱ्याच घरांत आहे. अंगातलं रक्त टिकत नाही, सांधे ठणकतात, आणि मधूनमधून दवाखान्यात जाऊन रक्त चढवावं लागतं. त्या दुखण्यातही पोरगी जिभेची मोठी तिखट. "काका, हळू बोला. मी इथंच बसली आहो, नागपूरले नाही," असं ती म्हणाली की साडू ओशाळून हसायचे आणि आणखी मोठ्यानं बोलायचे. त्यांचं ऐलान मोबाइलवर टाकायचं खूळ तिचंच. ऑटोपेक्षा यानं आवाज लांब जातो, हे तिनं पटवून दिल्यावर तर साडू मोबाइलपुढेही कान झाकूनच उभे राहू लागले.

मागच्या हिवाळ्यात तिला भंडाऱ्याला दवाखान्यात नेलं. रक्त ताबडतोब हवं होतं आणि तिचा गट ओ निगेटिव्ह. रक्तपेढीत त्या गटाची एक पिशवी नाही. मी धावत गेलो, माझा गट जुळेना. साडूंचा जुळेना. तिच्या आईचाही जुळेना. तेव्हा साडू दवाखान्याच्या आवारात भिंतीशी उभे राहिले, मोबाइल माझ्या हातात दिला आणि कान झाकला.

"मायबापहो! आज! आज! आज! पवनीची आमची निशा भंडाऱ्याच्या दवाखान्यात हाये. ओ निगेटिव्ह रक्त पाहिजे. आज संध्याकाळच्या आत! उद्या नाही, परवा नाही, आज!" शेवटच्या शब्दाला तो पहाडी आवाज फाटला. खाली त्यांनी स्वतःचा नंबर टाकला.

व्हिडिओ सुटला तो असा, की विचारू नका. पण लोकही काय एकेक! कुणीतरी त्याला ढोलकी जोडली, आणि "उद्या नाही, परवा नाही" वर पोरं नाचायला लागली. दुपारी माझ्याच भाच्यानं हसरे चेहरे लावून तो मला पाठवला. त्याला फोनवर अशा शिव्या घातल्या की वॉर्डातली नर्स बाहेर येऊन बघून गेली. माणसंही आली, नाही असं नाही. भंडाऱ्याचे दुकानदार आले, ऑटोवाले आले, आवार भरून गेलं. एकाचाही गट जुळला नाही. दिवेलागणीच्या आत निशा गेली.

दुसऱ्या दिवशी पवनीला तिरडी बांधणं चाललं होतं, तेव्हा नाकाडोंगरीचा एक खाणीतला कामगार दारात उभा राहिला. दवाखान्यात विचारून विचारून, एसटी बदलत इथवर पोचलेला. "माह्यं ओ निगेटिव्ह हाये जी. व्हिडिओत आज म्हणून राहिले न? सकाळीच पाह्यला." साडूंनी त्याच्याकडे पाहिलं आणि तिरडीकडे हात केला. त्या माणसाला समजायचं ते समजलं. त्यानं चप्पल काढली आणि कुणी न सांगता खांदा दिला.

तेव्हापासून तो फोन थांबलेला नाही. नागपूर, नाशिक, सोलापूर, कुठून कुठून लोक विचारतात, काका, वेळ आहे ना, निघू का? व्हिडिओ ज्याला जेव्हा दिसतो, त्याच्यासाठी तोच आज. ऐलान साडूंनी सोडलं. भोंगा माळ्यावर गेला. जेवताना फोन वाजला की घास हातातच राहायचा. माझी मेहुणी रडकुंडीला येऊन म्हणाली, "नंबर बदलवा न जी. किती दिवस जीव जाळसान?" मीही तेच सांगायला मुद्दाम पवनीला गेलो, आणि मोठ्या मुश्किलीनं ते तयार झाले. सिम काढायला मोबाइल हातात घेतला, तोच निशाची आई कुंपणापाशी आली. म्हणाली, "भाऊजी, नोका बंद करू. तो वाजते तवा मले वाटते, माह्या पोरीसाठी अजून कोणी तरी येऊन राह्यलं."

साडूंनी मोबाइल तसाच खिशात ठेवला.

थोड्या वेळानं तो वाजलाच. कोल्हापूरचा कुणी पोरगा होता. ती गेली, हे साडूंनी त्याला सांगितलं नाही. म्हणाले, "इतक्या दूर नोको येऊ, बाप्पा. तुमच्या गावच्या दवाखान्यात जा. तिथंबी कोणाची पोरगी असंल. पण आज जाजो."

शेजारी बसूनही मला ते नीट ऐकू आलं नाही, इतक्या हळू ते बोलले.